पॉइंट सात व्होल्ट

“लेकरू अवघड कामाला बसलं की शेजारी निरांजन तेवत ठेवावं,” असं सासूबाई सांगायच्या. म्हणून मृदुलाताईंनी लेकीच्या, केतकीच्या टेबलावर निरांजन लावलं आणि परीक्षा होईपर्यंत ते शांत होऊ द्यायचं नाही, असा देवीला शब्द दिला.

अंधार पडला की आपोआप लागणारा बल्ब केतकीला प्रॅक्टिकलला दाखवायचा होता, नाहीतर डिप्लोमाचं वर्ष वाया. पडदे ओढून खोली काळोखी केली, तरी तो लागेना.

“आई, ट्रान्झिस्टरच्या बेसला पॉइंट सात व्होल्ट मिळाले तरच तो चालू होतो. इथे पॉइंट चारच येतायत. उजेड ओळखणाऱ्या सेन्सरला अजून दिवस वाटतोय.”

“थांब, वात मोठी करते.”

मीटरचा आकडा पॉइंट तीनवर घसरला.

केतकीने आधी मीटरकडे, मग निरांजनाकडे आणि शेवटी आईकडे पाहिलं. मृदुलाताईंनी ज्योतीपुढे तळहात धरला, आणि बल्ब झक्क लागला.

“देवीला सांग, आता माझं मी बघते. निरांजन शांत कर.”

परीक्षा उद्या दुपारी होती. मृदुलाताईंनी तुपाची वाटी भरून घेतली, निरांजन पदराआड धरलं आणि त्या हळूच जिन्यात जाऊन बसल्या.