नवरी नटली

नागपूरहून संध्याआत्याचा फोन आला, “राजस, तुझ्या त्या लग्नाच्या वेबसाइटवरून अक्षता टाकायला बसले खरी, पण पानाला रंग नाही, रूप नाही! पाय प्लास्टरात नसता, तर बेंगळुरूलाच आले असते रे.”

राजसची बोटं मोबाइलवर धावली. पानाला सजवणारी स्टाइलशीट कच्चीच आत्याच्या ताटात पडत होती. ती सर्व्हरवरच शिजावी आणि तिथूनच थेट वाढली जावी, अशी तजवीज त्यानं केली. पान पुन्हा उघडलं, तर हळदीनं माखलेलं, कुंकवानं सजलेलं!

“नटली, आत्या! नवरी नटली!” तो आनंदानं ओरडला.

बोहल्यावर समोर उभ्या हर्षिताचं हसू फुटलं, “स्वल्प थांबा की हो! अंतरपाट अजून मधेच आहे. तुम्हाला मी दिसले कशी?”