दोन्ही काटे

"आजचा दिवस करा काम, बाबा. उद्यापासून घरी आराम करा." एवढं बोलून मुलगा नवा मीटर आणायला बाजारात गेला. म्हातारा मिस्त्री गाडीच्या उघड्या दाराशी हात लोंबकळत सोडून उभा राहिला.

त्याची बायको डबा घेऊन तेवढ्यात गॅरेजमध्ये शिरत होती. तिने सगळं ऐकलं. न ऐकल्याचं सोंग तिला कधी जमलं नाही, आणि जमवायची तिला गरजही पडली नाही.

"का म्हणून घरी बसवतोय?"

"मागच्या आठवड्यात एका गाडीचा चांगला मीटर खराब समजून मी काढून टाकला. दोष वायरीत होता. म्हणतो, बाबांचं डोकं चालत नाही आता."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

मिस्त्रीने पक्कड उचलली, पुसली, परत ठेवली. पुसण्यासारखं तिला काही लागलेलं नव्हतं.

"चाळीस वर्षं माझ्या सुईत दोरा तुम्ही ओवलात," ती म्हणाली. "तीन महिने झाले, सुई पुढे केली की तुम्हाला बाहेर काम निघतं. मी शाळेत गेले नाही, म्हणून काय आंधळी आहे?"

तिचा शब्द तिलाच लागला. तिने डबा बाकावर ठेवला आणि आवाज उतरवला. "किती दिसतं?"

"कडेचं दिसतं. मधलं पुसून टाकल्यासारखं." त्याने तिच्याकडे मान वळवली. "तुझे कान दिसतात. तोंड दिसत नाही."

"बरंच झालं. आवाज पोचतो ना, तेवढा पुरे. पोराला का नाही सांगितलं?"

"घरी बसवेल."

"डोकं गेलं म्हणून बसवतोच आहे. मग डोळेच गेलेले काय वाईट?"

मिस्त्रीने पक्कड पुन्हा उचलून पुसली.

"या गाडीला काय झालंय?" तिने विचारलं.

"पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. टाकी कधी भरलेली दाखवतो, कधी रिकामी. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट तपासला, तो ठीक आहे. म्हणून पोरगा म्हणतो, मीटरच गेला, बदलून टाकू. मला पटत नाही. पण काटा दिसला तर बोलणार ना."

ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली. हजारो गाड्या या माणसाच्या हाताखालून गेल्या, पण ड्रायव्हरच्या जागी ती पहिल्यांदाच बसत होती. पाय खाली पोचत नव्हते. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

"चावी अर्धीच फिरव. गाडी चालू करायची नाही. काटा कुठे आहे?"

"मधे. दोन टोकांना दोन अक्षरं आहेत. खालचं तीन दातांच्या फणीसारखं. वरच्या फणीचा खालचा दात पडलाय."

"तीन दातांची म्हणजे टाकी रिकामी. दात पडला की भरलेली."

"काय उलटा कारभार."

मिस्त्री हसला. बऱ्याच दिवसांनी. "आता डाव्या हाताशी दांडा आहे, तो फिरव. दिवे लागतील."

"लागले. काटा वर उडाला. शेजारचाही उडाला."

त्याचं हसू थांबलं. "शेजारचा इंजिनाच्या तापाचा. दोन्ही एकदम उडाले?"

"एका हाकेला दोघं उठल्यासारखे."

"दिवे बंद कर."

"दोघंही बसले."

"परत लाव."

"परत उठले. खोटं सांगतेय का मी?"

पोराने पेट्रोलच्याच काट्यावर नजर ठेवली होती, कारण तक्रार त्या काट्याचीच होती. ज्याला काम येतं तो कामापुरतं बघतो. म्हातारीला काम येत नव्हतं, म्हणून तिने सगळंच बघितलं.

"दोन मीटर एकाच दिवशी मरत नाहीत," मिस्त्री म्हणाला. "दोघांची आणि डॅशबोर्डच्या दिव्यांची अर्थिंगची वायर एकच. तीच सैल असणार."

तो गाडीत वाकला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि डोळे मिटून घेतले. बोटांना कडेचं आणि मधलं असा फरक नव्हता. वायरींच्या गुंत्यातून बोटं बरोबर त्या एका स्क्रूपाशी गेली. गंजलेला. त्याने तो सोडवला, वायरीचं टोक सँडपेपरने घासलं, स्क्रू पुन्हा आवळला.

"दिवे लाव. काटे?"

"जागेवर आहेत."

"कुठल्या फणीजवळ? नीट बघ."

"बाबा," मुलगा दारातून म्हणाला. नव्या मीटरचं खोकं त्याच्या हातात होतं. "काटा तुमच्या नाकासमोर आहे."

म्हातारी म्हणाली, "समोरचंच दिसत नाही त्यांना. डोकं जागेवर आहे."

मुलाने वाकून बापाच्या डोळ्यांत पाहिलं. मग आईच्या अंगावरून हात घालून त्याने स्वतः दिवे लावले, बंद केले, पुन्हा लावले. दोन्ही काटे हलले नाहीत.

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर आज इथे असतो का मी?" मिस्त्री हात डॅशबोर्डखालीच ठेवून म्हणाला.

मुलाने खोकं न उघडता काखेत मारलं. दुकानात परत द्यायला निघाला, आणि दोन पावलांवर थांबला.

"आई, उद्या किती वाजता येशील?"

"मला काय विचारतोस? मिस्त्रींना विचार. मी त्यांच्या हाताखाली आहे."

मिस्त्रीने डॅशबोर्डखालून हात बाहेर काढला. मग घसा खाकरला.

"नऊ," तो म्हणाला. "उशीर केलेला मला चालत नाही."