बेचाळीसला वितळणारं मीठ

प्रयोगशाळेतला एसी बंद पडला आणि कुपीतलं माझं पांढरं मीठ दुपारपर्यंत तेलासारखं पातळ झालं. तीन वर्षं खपून मी ते बोरॉनच्या अणुपुंजांपासून बनवलं होतं. “पाणी शिरलंय. फेकून दे,” पुण्याहून नागपुरात नुकतेच आलेले माझे नवे गाइड म्हणाले. “नाही सर. हे बेचाळीस अंशांना वितळतं. खोलीत चव्वेचाळीस आहे.” झाडू मारणाऱ्या मैनाबाई थांबल्या. ऊन लागू नये म्हणून त्या कमरेला कांदा खोचून येत. “त्याले ऊन लागलं, सर. फेकता काहून?” मी कुपी माठातल्या पाण्याच्या पेल्यात धरली. “पाणी शिरलं असेल तर हे गोठायचं नाही.” दोन मिनिटांत तळाशी पांढरी सुई उगवली, मग सगळी कुपी पांढरी झाली. मी कुपी कपाटात ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी मी कपाट उघडलं. कुपीशेजारी कांदा होता. मैनाबाई चारलाच गेल्या होत्या. कपाटाची दुसरी किल्ली सरांकडे असते.