मास्तरांचं माप

कापड कापताना एकदा टेलरमास्तरांची करंगळी थरथरली आणि त्यांनी मोबाईलमध्ये बघून स्वतःच निदान करून टाकलं: कंपवात!

मास्तरांनी मापं सांगायची आणि बायकोने वहीत लिहायची, ही दुकानाची जुनी पद्धत. "छाती अडतीस, बाही तेवीस," याच सुरात मास्तर आता स्वतःची लक्षणं सांगू लागले, "करंगळी दोनदा, डावी पापणी एकदा. लिहिलंस का?" मोबाईलमधल्या यादीतलं 'अक्षर बारीक होत जाणं' तेवढं त्यांनी सोडून दिलं. ते स्वतः लिहीत होते कुठे?

वर्षभरात वही भरली, तेव्हा ती बगलेत मारून आणि बायकोला सोबत घेऊन मास्तर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"ठणठणीत आहात की!"

मास्तरांचा चेहरा पडला. "साहेब, आधी वही तर वाचा!"

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं. शेवटचं पान मात्र ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले.

"हे अक्षर कोणाचं?"

"हिचं! आधी कसं टपोरं काढायची, आता नुसत्या मुंग्या. कंटाळा हो, दुसरं काय!"



"मास्तर, तुम्ही जरा उठा," डॉक्टर हळूच म्हणाले. "त्या खुर्चीत ताईंना बसू द्या."