ठोकळ्याची पाठ

"आता जे सांगणार आहे ना, त्यावर तुमच्या बापजाद्यांचाही विश्वास बसायचा नाही!"

स्वतःच्या निवृत्तीच्या चहाला तोफवाल्याने चाचणीची शेड दणाणून सोडली. तोफ कसली, दाबलेल्या हवेने काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पोलादी गोळी मारणारी एक लांबलचक नळी. पण त्याच्या तोंडून निघाली की तीच नळी डोंगर फोडायची. मंडळी खुर्च्या ओढून पुढे सरकली. ठोकळ्यांवर पाणी मारणारी त्याची धाकटी बहीण कपबशा आवरत होती. तिचा नवरा, ठोकळे ओतणारा मिस्त्री, आला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी एका चाचणीत त्याच्या ठोकळ्याची पाठ, म्हणजे मागची बाजू, उडाली. "सिमेंट खाल्लं याने," म्हणाले सगळे. नोकरी गेली. तिनेही एकदा विचारलं होतं, "खरं सांगा, खाल्लंत का?" त्यानंतर तो घरातही मोजकंच बोलायचा.

"गोळी आधी पोचली, आवाज मागून लंगडत आला!" तोफवाला रंगात आला. "समोरून पाहाल तर वाटीएवढा खड्डा. नुसती वाटी! आणि पाठीमागून? परातीएवढा पापुद्रा सुटला, तो थेट साहेबांची टोपी घेऊन गेला!"

"थापा!" वेल्डर ओरडला. "आपल्या दाबावर चांगल्या ठोकळ्याची पाठ सुटत नाही. समोर खड्डा पडतो, खेळ खलास."

"अरे शहाण्या, नेहमीच्या दाबावर नाहीच सुटत!" तोफवाल्याने मांडीवर थाप मारली. "पण पाहुणे आले होते ना बघायला! म्हटलं, बघाच आता. दाबाचा काटा तांबड्या रेघेच्या पुढे चार बोटं नेला. तिथे देवाने स्वतः ओतलेला ठोकळाही पाठ टाकेल!"

शेड हसून लोळली. टाळ्या पडल्या.

बहिणीने हातातल्या बशा खाली ठेवल्या.

"पाहुणे कधी आले होते, दादा?"

"अगं, येतात की अधूनमधून."

"एकदाच आले होते."

हसू एकेका खुर्चीवरून उतरत गेलं. तोफवाल्याने उगीचच रिकामा कप तोंडाला लावला.

"गोष्ट आहे गं. तिखटमीठ लावतोच ना मी!"

"अठ्ठावीस दिवस पाणी मारलं होतं मी त्या ठोकळ्यावर," ती म्हणाली. "आणि चौकशीत माझ्या नवऱ्यासमोर उभा राहून तू शपथेवर सांगितलंस, काटा रेघेवरच होता."