आधी परत

दीप्ती नवऱ्याला न सांगता लेकीला, सानवीला घेऊन टोरांटोहून बडोद्याला, आईकडे निघून आली, त्याला आठवडा झाला. आज जावयाचा फोन आला.

"आई, सानवीला परत पाठवा. तुम्ही तर जन्मभर हेच शिकवलंत."

"संध्याकाळी बोलते," एवढंच म्हणून अहल्याताईंनी फोन ठेवला.

"मुलं परत पाठवायच्या त्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, तूच सांगायचीस," दीप्ती म्हणाली. "म्हणून तर इथे आले."

अहल्याताईंनी पर्स उचलली. अलकापुरीत वकिलांपुढे त्यांचं व्याख्यान होतं आणि विषयही नेहमीचाच होता. आईनं किंवा बापानं परस्पर दुसऱ्या देशात नेलेलं मूल आधी परत गेलं पाहिजे. ते कुणाकडे राहील, हे तिथलं कोर्ट ठरवेल. भारतानं या करारावर सही करायलाच हवी.

"मॅडम, असं मूल इथे आणलं की लोक पहिलं काय करतात?" एका तरुण वकिलानं विचारलं.

"घाईघाईनं शाळेत घालतात. मग मूल इथे रुळलंय असं दाखवता येतं, आणि कोर्टही त्याला हलवायला कचरतं. हेच थांबवायचंय."

टाळ्या बराच वेळ वाजल्या.

परतताना त्यांनी रिक्षा घडियाळी पोळच्या बाजाराकडे वळवली आणि शाळेच्या गणवेशांच्या दुकानात शिरल्या.

"बेबी केवडी छे, बेन?" दुकानदारानं विचारलं.

"सहा वर्षांची. पण जरा मोठाच द्या, दोन-तीन वर्षं चालला पाहिजे."