बारा वाव

बेडशाच्या हौशीरामला लोकांना घाबरवायची लय खोड. पवनेच्या पाण्यात होडी उभी करायची, नांगराच्या दोराचं टोक कड्याऐवजी स्वतःच्या मनगटाला बांधायचं, आणि गुपचूप हिसके देत म्हणायचं, "खालनं कुणीतरी ओढतंय."

त्या दुपारी त्यानं नव्या जोडीदाराला, महंमदला गाठलं.

"भाऊ, दोर किती सोडायचा?" महंमदनं विचारलं.

"दोन्ही हात फाकले की एक वाव. हितं पाणी चार वाव, मग तिप्पट सोडायचा. बारा."

पण हौशीरामनं पाचच सोडले, उरलेले सात पायाशी ठेवले. मस्करीला दोर ताठ लागतो.

त्यानं हिसका द्यायच्या आधीच हिसका बसला. एक वाव दोर तळहाताची साल काढत गेला आणि थांबला. मग आणखी एक वाव. पुन्हा थांबला.

"बास की भाऊ," महंमद हसला. "कळली मस्करी."

पुढच्या हिसक्याला हौशीरामचं तोंड फळीवर आपटलं. दोन दात पडले. महंमदचं हसू गेलं.

"सोडा की दोर."

"मनगटाला बांधलाय रं."

गाठ सुटेना. दर वेळी बरोबर एक वाव जायचा, जसं खाली कुणी हात फाकून मोजत होतं. नऊ. दहा. अकरा.

बारावा गेला तसा हौशीरामचा हात पाण्यात खेचला गेला. खांदा कडकन निखळला. महंमदनं त्याचा दुसरा हात धरून जीव खाऊन ओढला. हौशीरामचे दोन्ही हात आडवे ताणले गेले, बोटापासून बोटापर्यंत.

खालचं ओढणं थांबलं.

दोर संपला होता. तेरावा वाव मोजून झाला होता.